मॅकलो वाचायचा तर सुरुवात कुठून करावी

काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मला अमेरिकन इतिहासलेखक डेव्हिड मॅकलोचं ‘ट्रुमन’ मिळालं, राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमनचं चरित्र. हजाराच्या आसपास पानं, पुठ्ठा बांधणी, आणि किंमत शंभर रुपये. मोठ्या उत्साहाने घरी आणलं, वाचायला घेतलं आणि दीडशेव्या पानापर्यंत येता येता दम निघाला. मिसुरीतली शेती, आजोबांचे बैलगाड्यांचे तांडे, छोट्या हॅरीचा जाड भिंगांचा चष्मा. हा माणूस राष्ट्राध्यक्ष काही केल्या होईना. पुढची दोन वर्षं ते पुस्तक खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून कामी आलं.

मग न्यू जर्सीत एडिसनला बहिणीकडे राहायला गेले. थंडीचे दिवस, बहीण आणि मेहुणे दिवसभर कामावर, आणि माझ्या हातात तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचं कार्ड. कपाटात त्याच माणसाचं ‘१७७६’ दिसलं. पुठ्ठ्यावरचं नाव बघून आधी तोंड फिरवलं, मग सडपातळ आहे म्हणून उचललं. चार दिवसांत संपलं. तेव्हा लक्षात आलं की मी हा लेखक उलट्या टोकाने वाचायला घेतला होता.

तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुलं, त्यांच्याकडे सहा महिने जाऊन कंटाळणारे आईवडील, आणि इथे बसून इंग्रजी इतिहास वाचायची हौस असलेले, या सगळ्यांना चालेल असा क्रम आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी मात्र त्यांच्या सरांना विचारावं.

हा माणूस कोण

आडनावाचं स्पेलिंग बघून ‘मॅककुलॉघ’ म्हणायचा मोह होतो; म्हणतात मात्र मॅकलो. जन्म १९३३, पिट्सबर्ग. मृत्यू २०२२, वयाच्या ८९व्या वर्षी. येल विद्यापीठात शिकला ते इंग्रजी साहित्य, इतिहास नव्हे. डॉक्टरेट नाही, प्राध्यापकी नाही. मासिकांत नोकऱ्या करता करता रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बसून पहिलं पुस्तक लिहिलं. पुढे ‘ट्रुमन’ आणि ‘जॉन अॅडम्स’ या दोन चरित्रांना पुलित्झर मिळालं, पनामा कालव्यावरच्या आणि थिओडोर रूझवेल्टच्या तरुणपणावरच्या पुस्तकांना नॅशनल बुक अवॉर्ड. शेवटपर्यंत जुन्या रॉयल टाइपरायटरवर लिहायचा, घरामागच्या एका छोट्या खोपटात बसून. आवाजही असा की केन बर्न्सच्या अमेरिकन यादवी युद्धावरच्या १९९० सालच्या माहितीपट मालिकेचं निवेदन त्याच्याकडे आलं. कानाने वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: ‘१७७६’ आणि ‘द राइट ब्रदर्स’ ही दोन ऑडिओबुकं त्याने स्वतः वाचली आहेत.

आपल्याकडे इतिहास बहुतेकांना भेटतो तो कादंबरीतून. शनिवारवाड्यात रात्री कोण कोणाला काय म्हणालं हे आपल्याला तोंडपाठ असतं, कारण लेखकाने ते लिहिलेलं असतं. त्या चटकेतून बाहेर येऊन खरा इतिहास हातात घेतला की तो सनावळ्यांचा आणि तहाच्या कलमांचा निघतो, आणि आपण गुपचूप परत कादंबरीकडे वळतो. मॅकलो या दोन्हींच्या मधला आहे. वाचताना कादंबरीच वाटते, पण अवतरणचिन्हांत आलेलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या तरी पत्रात, रोजनिशीत, साक्षीत किंवा वर्तमानपत्रात खरोखर सापडतं. पात्राच्या मनात काय चाललं होतं हे त्याला माहीत असतं, कारण त्या माणसाने त्या रात्री बायकोला ते लिहिलेलं असतं.

म्हणून पहिली सवय ही लावा. एखादा संवाद फार रंगला की पुस्तक उलटं धरा आणि शेवटच्या टिपांकडे जा. त्याच्या बहुतेक पुस्तकांत वाक्यावर आकडे नसतात. मागे पान क्रमांक आणि त्या वाक्याचे पहिले दोन-चार शब्द दिलेले असतात, पुढे पत्र कोणाचं, कोणत्या तारखेचं, कुठल्या संग्रहातलं. दर प्रकरणाला एकदा एवढं केलं तरी पुरे. दोन पुस्तकं झाली की ते आपोआप होऊ लागतं, आणि मग कादंबरी वाचतानाही बोट शेवटच्या पानाकडे जातं. तिथे काही नसतं, तो भाग वेगळा.

दुसरी तयारी म्हणजे नकाशा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा साधा, नद्या दाखवणारा नकाशा जवळ ठेवा. तयारी म्हणून अमेरिकेच्या इतिहासाचं पाठ्यपुस्तक मात्र आधी अजिबात वाचू नका. त्याने फक्त उत्साह जातो.

पहिलं पुस्तक: फुटलेलं धरण

‘द जॉन्सटाऊन फ्लड’, १९६८. हे त्याचं पहिलं पुस्तक आणि माझ्या मते मराठी वाचकाने इथूनच सुरुवात करावी. कारण पानशेत.

पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाऊन नावाचं पोलादाच्या कारखान्याचं गाव. तिथून साधारण १४ मैल वर, डोंगरात, मातीचं एक जुनं धरण. पिट्सबर्गच्या धनाढ्यांच्या एका क्लबने ते विकत घेतलं. सभासदांत अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक अशी नावं. उन्हाळ्यात यावं, तळ्याकाठच्या बंगल्यात राहावं, मासे पकडावेत. तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने काढून भंगारात विकलेले होते. क्लबने ते परत बसवले नाहीत. माथ्यावरून बग्ग्या जाव्यात म्हणून धरणाची उंची थोडी कमी केली. पैसे मोजून आणलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या.

३१ मे १८८९. रात्रभर मुसळधार पाऊस. जाळ्यांत ओंडके आणि पालापाचोळा अडकला, सांडवा तुंबला, पाणी माथ्यावरून वाहू लागलं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास धरण गेलं, आणि तासाभरात जॉन्सटाऊनही. २,२०९ माणसं मेली. वाहून आलेला ढिगारा दगडी रेल्वेपुलाला अडला आणि त्याने पेट घेतला. पाण्यातून वाचलेले कितीतरी लोक त्या आगीत गेले.

दरवर्षी पावसाळी दिवसांत ‘धरण फुटणार’ अशी आवई उठायची आणि गाव हसायचं. त्या दुपारीही तारा आल्या होत्या. कोणी मनावर घेतल्या नाहीत.

आमच्या नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात जिन्याशेजारच्या भिंतीवर एक मळकट रेघ होती. वडील पाहुण्यांना ती दाखवायचे: ‘बारा जुलै एकसष्ट, इथपर्यंत पाणी.’ ज्या घरांत अशी रेघ होती त्यांना हे पुस्तक समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजी अडलं तरी प्रसंग अडत नाही.

वाचताना एक गोष्ट टिपा. तो पाण्याचं वर्णन आकाशातून करत नाही. कोण कुठे उभं होतं, त्याला काय दिसलं, त्याने काय केलं, एवढंच सांगत जातो. जॉन हेस नावाचा इंजिन ड्रायव्हर गावाच्या वरच्या अंगाला रुळांवर काम करत होता. मागून येणारा आवाज ऐकून त्याने शिट्टीची दोरी बांधून टाकली आणि इंजिन गावाच्या दिशेने पिटाळलं. ती अखंड वाजणारी शिट्टी अनेकांना वाचवून गेली. मॅकलो त्या शिट्टीवर थांबतो. मृतांचा आकडा मात्र पटकन सांगून पुढे जातो.

शेवटची प्रकरणं, म्हणजे जबाबदार कोण हा भाग, घाईने उरकू नका. क्लबच्या सभासदांवर कोर्टात काहीही शाबीत झालं नाही. देवाची करणी, एवढाच निकाल.

पुस्तक गाजल्यावर प्रकाशकांनी त्याला शिकागोची आग आणि सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप असे विषय सुचवले. अरिष्टांचा लेखक असा शिक्का बसेल म्हणून त्याने नकार दिला. लोकांनी जे नीट बांधलं, अशा एखाद्या गोष्टीवर त्याला लिहायचं होतं. त्यातून पुढचं पुस्तक आलं.

मग पूल आणि कालवा

‘द ग्रेट ब्रिज’ (१९७२) हे ब्रुकलिन ब्रिजचं पुस्तक. घरात एखादा सिव्हिलवाला असेल तर आधी त्याच्या हाती पडू देऊ नका, परत मिळत नाही. गोष्ट थोडक्यात अशी. आराखडा जॉन रोब्लिंगचा. १८६९ साली जागेची पाहणी करताना फेरीबोट धक्क्याला लागली, त्यात त्याचा पाय चिरडला आणि धनुर्वाताने तो गेला. काम मुलाकडे, वॉशिंग्टन रोब्लिंगकडे आलं. नदीच्या तळाशी पाया खणायला लाकडाच्या प्रचंड उलट्या पेट्या उतरवल्या होत्या. आत दाबाखाली हवा भरायची म्हणजे पाणी बाहेर राहतं, आणि माणसं त्या पेटीत उतरून गाळ उपसतात. वर येताना दाब झपाट्याने कमी झाला की रक्तात वायूचे बुडबुडे होतात, सांधे आवळतात, माणूस वाकडा होतो, कधी मरतो. तेव्हा हे का होतं ते कोणालाच माहीत नव्हतं. वॉशिंग्टन स्वतः त्यानेच अंथरुणाला खिळला. पुढे कित्येक वर्षं तो ब्रुकलिनमधल्या घराच्या खिडकीतून दुर्बिणीने काम बघायचा आणि त्याची बायको एमिली निरोप, हिशेब, सूचना घेऊन साइटवर जायची. हळूहळू ती इंजिनिअरांशी इंजिनिअरांच्याच भाषेत बोलू लागली. २४ मे १८८३ ला पूल खुला झाला.

पण या पुस्तकातलं माझं आवडतं प्रकरण तारेच्या घोटाळ्याचं आहे. पुलाचे दोर ज्या पोलादी तारेचे वळायचे ती पुरवणारा कंत्राटदार होता जे. लॉइड हेग. कारखान्यात तार तपासली जायची, पास झालेली वेटोळी गाडीत भरली जायची. गाडी निघायची, वाटेत दुसऱ्याच एका इमारतीत शिरायची, तिथे पास झालेली तार उतरवून नापास तार चढवली जायची. नापास तार पुलावर, आणि चांगली तार गुपचूप पुन्हा कारखान्यात, पुन्हा तपासायला, पुन्हा पास व्हायला. उघडकीला आलं तोवर बरीच वाईट तार दोरांत गेलेली होती, ती काढता येणं अशक्य. रोब्लिंगने हिशेब मांडला. मुळात गरजेच्या सहापट मजबुती धरली होती, ती आता साधारण पाचपट राहणार होती. त्याने प्रत्येक दोरात दीडशे तारा जादा घालायला लावल्या, हेगच्या खर्चाने. त्या वाईट तारेसकट पूल आजही उभा आहे. आपल्याकडे ही गोष्ट कोणालाही सांगा, ‘यात नवीन काय’ असं म्हणतील. मला मात्र ती सहापट फार आवडते.

पहिल्या वाचनात बॉस ट्वीड नावाचा भ्रष्ट पुढारी आणि न्यूयॉर्कच्या पालिका राजकारणाची पानं जड वाटली तर चाळा. दुसऱ्या वेळी तीच आवडतील.

‘द पाथ बिटवीन द सीज’ (१९७७) पनामा कालव्याचं. सहाशेच्या वर पानं, तेव्हा पूल झाल्याशिवाय घेऊ नका. सुएझ खणून नावारूपाला आलेला फर्डिनांड द लेसेप्स पनामालाही तसाच समुद्रसपाटीचा कालवा काढायला निघाला. ज्या सुएझने १८६९ नंतर मुंबईचा व्यापार पालटला, त्याच सुएझच्या यशाने या म्हाताऱ्याचा घात केला. वाळवंटात चाललं ते डोंगरात आणि दलदलीत चालेना. १८८१ ते १८८९ हा फ्रेंच खटाटोप, आणि त्यात मेलेल्यांचा अंदाज वीस हजारांपर्यंत जातो. मुख्यतः पीतज्वर आणि मलेरिया.

इथे एक तपशील आहे तो मी विसरत नाही. फ्रेंचांनी पनामात उत्तम इस्पितळं बांधली होती, बागाबगिचांसकट. मुंग्या चढू नयेत म्हणून रुग्णांच्या खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवलेले असत. आमच्या आजीच्या जाळीच्या कपाटाचे पाय असेच पाण्याच्या वाट्यांत उभे असायचे, दुधाला मुंग्या लागू नयेत म्हणून. पनामात त्या भांड्यांत डास वाढले आणि दुसऱ्या आजाराने आलेले रोगी तापाने गेले. डासाचा संबंध तेव्हा कोणाला ठाऊकच नव्हता. तो कळायला रोनाल्ड रॉसचं सिकंदराबादमधलं १८९७ चं काम आणि पुढे हवानातले प्रयोग व्हावे लागले. त्यानंतर अमेरिकनांच्या वेळी डॉक्टर विल्यम गॉर्गसने आधी डास हटवले, आणि मगच कालवा झाला. १५ ऑगस्ट १९१४. तारीख आपल्या लक्षात राहायला सोपी.

मधला राजकारणाचा भाग मात्र इथे चाळू नका. कालवा निकाराग्वातून न्यायचा की पनामातून, यावर वॉशिंग्टनमध्ये खल चालू असताना फिलिप ब्युनो-व्हारिया नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने निकाराग्वाची टपालाची तिकिटं गोळा केली आणि प्रत्येक सिनेटरला एक-एक पाठवलं. तिकिटावर धूर ओकणारा ज्वालामुखी होता. बाकी युक्तिवाद काही नाही.

मध्ये श्वास घ्यायला: राइट बंधू

दोन ठोकळे वाचून झाल्यावर ‘द राइट ब्रदर्स’ (२०१५) घ्या. त्याचं सगळ्यात सोपं इंग्रजी यात आहे. ज्यांना इंग्रजीचीच धास्ती आहे त्यांनी जॉन्सटाऊनच्याही आधी हे घ्यायला हरकत नाही. डेटनमधलं सायकलचं दुकान, धर्मोपदेशक वडील, शिक्षिका बहीण कॅथरिन, आणि ३० मे १८९९ ला थोरल्या विल्बरने स्मिथसोनियन या वॉशिंग्टनच्या संशोधन संस्थेला लिहिलेलं पत्र, की उड्डाणाविषयी जे छापलेलं आहे ते मला पाठवा. मग चार वर्षं पडणं, मोजणं, वहीत लिहिणं. हवा पंखाला किती उचलते याचे छापील तक्ते चुकीचे आहेत असा संशय आला तर स्वतःचा वाऱ्याचा बोगदा बनवून ते तपासणं. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकच्या वाळूत पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. त्याच दिवशी चौथं, ५९ सेकंदांचं, ८५२ फूट.

मराठी माणसाला हे पुस्तक देताना एक प्रश्न हमखास येतो: ‘पण आपले तळपदे?’ शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, हे वर्षातून दोनदा तरी कौटुंबिक ग्रुपवर येतं. मी वाद घालत नाही, हे पुस्तक देते. किटी हॉकच्या वाळूतल्या त्या सकाळचे साक्षीदार नावानिशी आहेत, फोटो आहे, वाऱ्याचा वेग लिहिलेला आहे, वडिलांना केलेली तार आहे. चौपाटीच्या उड्डाणाचं यातलं काय आपल्यापाशी आहे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

१७७६

आता अमेरिकेच्या जन्माकडे. ‘१७७६’ (२००५) हे एका वर्षाचं पुस्तक आहे, आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यात जवळजवळ बाजूने निघून जातो. पुस्तक आहे सैन्याचं. फाटके बूट, देवी, जुलाब, मुदत संपली म्हणून घरी निघालेले सैनिक, आणि हरणारा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन.

वाचायला घेण्याआधी एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे अमेरिका, उजवीकडे पुणे. ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशव्यांचा खून. डिसेंबर १७७३, बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला गेला, आणि तो चहा होता ईस्ट इंडिया कंपनीचा. १ मार्च १७७६, पुरंदरचा तह, कंपनी आणि पेशव्यांचे कारभारी यांच्यात. त्याच आठवड्यात, ४ मार्चच्या रात्री, वॉशिंग्टनच्या माणसांनी बोस्टनजवळच्या डॉर्चेस्टरच्या टेकड्यांवर तोफा चढवल्या आणि सकाळी इंग्रजांना त्या डोक्यावर दिसल्या. १७ मार्चला इंग्रज बोस्टन सोडून गेले. त्या तोफा हिवाळ्यात बर्फावरून घसरगाड्यांवर ओढत आणल्या होत्या हेन्री नॉक्सने, वय २५, धंदा पुस्तकविक्रीचा. तोफखान्याचं ज्ञान दुकानातल्या पुस्तकांतून मिळवलेलं.

या पुस्तकात लॉर्ड कॉर्नवॉलिसही भेटतो, न्यू जर्सीतून वॉशिंग्टनचा पाठलाग करणारा. हाच पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन येतो, टिपूविरुद्धच्या लढाईत मराठ्यांच्या आणि निजामाच्या फौजा बरोबर घेऊन श्रीरंगपट्टणवर जातो. शाळेत आपण त्याला फक्त कायमधाऱ्यासाठी ओळखतो.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांसाठी खास सूचना: माघारीचं प्रकरण घरात बसून वाचू नका. फोर्ट ली, हॅकेन्सॅक, न्यूअर्क, न्यू ब्रुन्सविक, प्रिन्स्टन, ट्रेंटन. तुमची रोजची एक्झिटची नावं आहेत ही. रॅरिटन नदीच्या पुलावरून मी पन्नासदा गेले असेन, मेहुण्यांच्या गाडीतून, किराणा आणायला. पुस्तक वाचून झाल्यावर पहिल्यांदा मान वळवून नदी पाहिली.

यात साध्या सैनिकांची पत्रं आहेत तशीच छापलेली, अशुद्ध स्पेलिंगसकट. अडलात तर मोठ्याने वाचा. कानाला अर्थ लागतो, डोळ्याला लागत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नसलेलं जुनं पत्र आपण वाचतो ना, तसंच.

मोठी चरित्रं

आता कुठे ‘जॉन अॅडम्स’ (२००१), अमेरिकेच्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं चरित्र. मुळात अॅडम्स आणि त्याच्यानंतरचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन अशा जोडीवर पुस्तक करायचं होतं. लिहिता लिहिता अॅडम्सने लेखकाला ओढून नेलं. त्याचं कारण पत्रं. जॉन आणि अॅबिगेल या नवराबायकोची हजाराहून जास्त पत्रं शिल्लक आहेत. तो फिलाडेल्फियात, पॅरिसमध्ये, हॉलंडमध्ये. ती ब्रेनट्रीच्या शेतावर, मुलं, गडी, महागाई आणि देवीची साथ सांभाळत. ३१ मार्च १७७६ च्या पत्रात ती त्याला बजावते की नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका. तो उत्तरात हसण्यावारी नेतो. दोन्ही पत्रं वाचा, आणि कोण शहाणं ते ठरवा. पुस्तक जड वाटलं तर आधी त्यावरून निघालेल्या २००८ सालच्या सात भागांच्या मालिकेचे पहिले दोन भाग बघा, माणसांना चेहरे मिळतात. अॅडम्स आणि जेफरसन एकाच दिवशी वारले, ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं होत असताना. कादंबरीकाराने लिहिलं असतं तर आपण हसलो असतो.

बाकीच्या पुस्तकांविषयी थोडक्यात. रूझवेल्टवरचं ‘मॉर्निंग्ज ऑन हॉर्सबॅक’ चांगलं आहे, पण आधी रूझवेल्ट कोण हे कालव्याच्या पुस्तकात भेटू द्या. पॅरिसला गेलेल्या अमेरिकनांवरचं ‘द ग्रेटर जर्नी’ मला पसरट वाटलं. भाषणांचा छोटा संग्रह आहे, तो प्रवासात ठीक.

आता संशय

इतकं कौतुक केल्यावर हेही सांगायला हवं. विद्यापीठातल्या अनेक इतिहासकारांना मॅकलो फार गोड वाटायचा. त्याला आपली माणसं आवडतात. एकदा पिकासोवर लिहायला घेतलं होतं. माणूस आवडेना म्हणून सोडून दिलं आणि ट्रुमनकडे वळला. रोज ज्याच्या सोबत राहायचं तो माणूस बरा असावा, असं त्याचं म्हणणं. वाचकाला हे सुखाचं असतं, पण अॅडम्सच्या काळात सरकारविरोधी लिहिणाऱ्या संपादकांना तुरुंगात घालणारे १७९८ चे कायदे आले, तिथे लेखक नायकाला जरा सांभाळून घेतो असं वाटत राहतं. ‘ट्रुमन’मध्ये, जपानवर थेट स्वारी केली असती तर किती सैनिक मेले असते, त्या आकड्यांवरून अभ्यासकांनी त्याला धारेवर धरलं होतं. आणि ओहायो नदीकाठच्या वसाहतींवरच्या ‘द पायोनिअर्स’ (२०१९) मध्ये ज्यांची जमीन गेली ते मूळ रहिवासी बहुतेक वेळा झाडीतला धोका म्हणूनच येतात. हे पुस्तक मी शेवटी ठेवायला सांगते, आणि त्याच्या जोडीला त्या मूळ लोकांच्या बाजूने लिहिलेलं काहीतरी घ्यावं.

मला वाटतं या सगळ्याचं मूळ त्याच्या ताकदीतच आहे. तो पत्रांवर जगतो. जो पत्र लिहितो, आणि ज्याच्या घरचे ते जपून ठेवतात, तो त्याच्या पुस्तकात माणूस होतो. पनामात खणणारे बहुसंख्य मजूर बार्बाडोससारख्या बेटांवरून आलेले काळे लोक होते. गोऱ्यांना पगार सोन्यात आणि यांना चांदीत, रांगासुद्धा वेगळ्या. मॅकलो हे सांगतो, लपवत नाही. पण इंजिनिअर आपल्याला नावागावासकट, दातदुखीसकट कळतो आणि तो मजूर आकड्यात राहतो. पेशवे दफ्तरात कारकुनाची पत्रं रुमालच्या रुमाल आहेत, आणि त्याच मोहिमेत चाललेल्या बारगिराचं एक अक्षर सापडत नाही. आपल्याला हे नवं नाही. म्हणून शेवटच्या टिपांत डोकावताना आणखी एक बघा: या प्रकरणात कोणाचं एकही पत्र नाही?

राहिलं ‘ट्रुमन’. ते पहिल्या पानापासून सुरू करू नका. १२ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ शोधा. उपराष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम ८२ दिवस झालेले, कॅपिटॉलमध्ये सभापतींच्या खोलीत पेय हातात घेऊन बसलेला ट्रुमन, आणि व्हाइट हाऊसचा फोन. तिथून १९४८ च्या निवडणुकीपर्यंत वाचा, जिथे एका वर्तमानपत्राने तो हरला असं छापूनही टाकलं होतं. मग मिसुरीकडे मागे जा. कॅन्सस सिटीतलं त्याचं बुडालेलं कपड्यांचं दुकान, शेतावरची वर्षं, आजोबांचे बैल, सगळं आता वाचवतं, कारण हा माणूस कोण होणार आहे ते तुम्हाला ठाऊक असतं. माझी प्रत मी खिडकीतून काढून पुसून घेतली. पावसाने खालची कड फुगली आहे, पण अक्षर शाबूत आहे. खिडकीला आता वीट लावते.